गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढू की बदलू? : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणारी पत्रं आपोआप एकाच विषयाची होतात. यंदाही तेच, कुणाचं पाणी उकळतंय, कुणाचा तापमानाचा काटा हलतच नाही, कुणाच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिलाय. तेव्हा या महिन्यात दुसरं काही नाही, फक्त जुन्या स्पोर्ट्स गाड्या आणि त्यांच्या डोक्यात बसणारी ती पितळी चकती.

प्रश्न : माझ्याकडे १९६७ ची एमजी बी आहे, वडिलांच्या मित्राकडून घेतली. एरवी मस्त चालते पण मुंबईहून येताना खोपोली सुटली की काटा चढायला लागतो आणि खंडाळ्याला पोचेपर्यंत जीव खालीवर होतो. मिस्त्री म्हणतो, थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, आम्ही अ‍ॅम्बेसेडरचे सगळे काढायचो. इंग्लंडहून पार्ट मागवायला बसलो तर तिथे ७४, ८२ आणि ८८ डिग्रीचे असे तीन प्रकार दिसतात. ७४ चा टाकला तर गाडी थंड राहील ना? — एक वाचक, पुणे

नाही राहणार. म्हणजे बघा, हे एकदा नीट समजलं की तुमचे अर्धे पैसे वाचतील म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थर्मोस्टॅट गाडी थंड करत नाही. तो इंजिन गरम करतो. सकाळी गाडी चालू केली की तो बंद असतो, त्यामुळे हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, पाणी रेडिएटरकडे जात नाही, तिथल्या तिथे तापतं. मधल्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, ते ठरावीक तापमानाला वितळतं आणि फुगतं, फुगलं की दांडी ढकलली जाते, स्प्रिंग दबते आणि वॉल उघडतो. चकतीवर जो आकडा कोरलेला असतो तो उघडायला सुरुवात कधी होते त्याचा असतो, पूर्ण उघडायला त्याच्यावर अजून दहा ते पंधरा डिग्री लागतात. म्हणजे ८२ वाला ८२ ला डोळा उघडतो आणि पंच्याण्णवच्या आसपास पूर्ण जागा होतो.

आता तुमचा घाट घ्या. काटा नव्वदच्या पुढे गेला म्हणजे ७४ वाला तर कधीचाच सताड उघडा आहे आणि ८२ वालाही जवळजवळ पूर्ण उघडलाय. दोन्हीतून जवळपास सारखंच पाणी जातंय. यापुढे गाडी किती तापणार ते रेडिएटर, पंप, पंखा आणि हवा ठरवणार, थर्मोस्टॅटचं काम केव्हाच संपलं. खालची मर्यादा तो ठरवतो, वरची नाही. ७४ वाल्याने एवढंच होईल की तुम्ही खोपोलीला थोड्या कमी तापमानावरून सुरुवात कराल, त्यामुळे दोन-चार मिनिटं उसनी मिळतील. खंडाळा काही तेवढ्यात येत नाही.

मग तीन प्रकार काढले कशाला असं विचाराल. एमजी बीच्या पुस्तकात साधारण हवामानासाठी ८२, गरम देशांसाठी ७४ आणि थंड देशांसाठी ८८ असं दिलेलं आहे. पुस्तक चुकीचं नाही, पण ते गाडी रोज ऑफिसला नेणाऱ्या माणसासाठी लिहिलंय. तुम्ही गाडी बाहेर काढता कधी? रविवारी सकाळी, त्यातही बहुतेक वेळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि एखाद्या रॅलीला. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा डिग्री असते, पाषाण ते कॅम्प एवढा फेरफटका मारून गाडी परत कव्हरखाली जाते. अशा वापरात पाणी पटकन तापतं पण ऑइल मागे राहतं, आणि ऑइल नीट तापलं नाही की त्यात पडलेला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, त्याचा व्हॉल्व्ह कव्हरच्या झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखा थर जमतो. झाकण काढून बघा, तुमच्याकडेही असेल. म्हणून माझं मत ८२. एप्रिल-मेमध्ये खरंच लांब जाणार असाल तर ७४ चा एक ड्रॉवरमध्ये ठेवा, तेव्हा टाका, पावसाळ्यात परत बदला. ८८ आपल्याकडे विसरा.

तुमच्या मिस्त्रींबद्दल. ते खोटं बोलत नाहीयेत. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमच्या एमजीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीज, म्हणजे त्यांचा हात तुमच्या इंजिनावर पन्नास वर्षं फिरलाय असं समजा. पण अ‍ॅम्बेसेडरमध्ये वॉल का काढायचे? कारण नवा चांगला मिळत नसे, नळाचं खारं पाणी घालून जुना जाम व्हायचा, आणि मेणवाला बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा बंद स्थितीत बिघडतो, मग टॅक्सी भर रस्त्यात उकळायची. त्यापेक्षा काढलेला बरा, हा धंद्याचा हिशोब होता. तुमचा हिशोब वेगळा आहे, इंजिन तुम्हाला अजून तीस वर्षं चालवायचंय.

तर मग गरम का होते? ह्या क्रमाने बघा. आधी मीटरच खरं बोलतंय का ते. त्या सालच्या एमजी बीमध्ये ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकाच घड्याळात असतं आणि तापमानाची बारीक तांब्याची नळी थेट हेडपर्यंत गेलेली असते, आत ईथर असतं. नळीचं टोक हेडमधून हलक्या हाताने काढा (नट फिरवा, नळी पिळू नका, पिळली की मीटर गेला) आणि उकळत्या पाण्यात बुडवा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. मीटरने ११० दाखवलं तर तुमची गाडी गरम होतच नव्हती, मीटर गरम होत होता. हसू नका, मी स्वतः याच कारणासाठी एक रेडिएटर विनाकारण री-कोअर करून, म्हणजे आतली जाळी बदलून, घेतलाय.

मीटर बरोबर निघाला तर रेडिएटर. गाडी गरम असताना इंजिन बंद करून जाळीवरून हात फिरवा, पंख्यापासून जपून, कुठे गरम कुठे थंड असे पट्टे लागले तर थंड पट्टे गाळाने बुजलेत. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरपाशी गाळ बसतो तो, तिथला ड्रेन उघडला आणि काहीच आलं नाही तर समजून जा, तार घालून खरवडावं लागतं. मग टायमिंग. टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे प्लगची ठिणगी उशिरा पडत असेल, तर घाटात हमखास तापते आणि याच्याकडे कुणी बघतच नाही, सगळे रेडिएटरच्या मागे. दोन्ही एसयू कार्बोरेटर फार लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, लावले असतील तरी तेच. फॅन बेल्ट सैल, रेडिएटरचा खालचा पाईप आतून मऊ होऊन वरच्या आरपीएमला चिपकणारा, रेडिएटरच्या कॅपचं रबर गेलेलं, हे सगळं त्यानंतर.

कॅपवरून एक सांगतो कारण त्यातून लोकांची भीती जाते. बंद सिस्टिममध्ये दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. ७ पौंडाची, म्हणजे तेवढा दाब धरणारी, कॅप असेल तर समुद्रकाठी पाणी साधारण १११ ला उकळतं, १० पौंडाची असेल तर ११५ च्या आसपास. म्हणजे काटा शंभरला टेकला म्हणून लगेच जीव सोडायचं कारण नाही, कॅप धड असेल तर. कॅप फाटकी असेल तर मात्र खंडाळ्यात पाणी शंभरच्याही आत उकळणार. दोन-तीनशे रुपयांच्या कॅपपायी हेड गॅस्केट घालवलेले लोक मी पाहिलेत. आणि जास्त पौंडाची कॅप टाकून प्रश्न सोडवू नका हां, साठ वर्षांचा रेडिएटर आणि हीटरची कोअर तेवढा दाब सहन करेलच असं नाही.

शेवटचं, खंडाळ्याला पोचल्यावर चहासाठी थांबता आणि गाडी बंद केल्यावर काटा अजून वर जातो ना? तो जाणारच. पंप थांबला, पंखा थांबला, हेडची सगळी उष्णता उभ्या पाण्यात उतरली. बंद करायच्या आधी एक-दोन मिनिटं जरा वाढीव आयडलवर उभी करा, आणि कॅपला हात लावू नका.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमजवळ राहतो, १९७२ ची एमजी बी जीटी आहे. आधीच्या मालकाने ७४ चा थर्मोस्टॅट घातलाय असं त्याच्या बिलात दिसतं. जानेवारीत हीटर जेमतेम कोमट येतो, काटा मधल्या एनपर्यंत (नॉर्मलच्या खुणेपर्यंत) पोचतच नाही आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. बायको गाडीत ब्लँकेट घेऊन बसते. — एक मराठी वाचक, इंग्लंड

वहिनींना आधी सॉरी सांगा. तुमचं उत्तर सोपं आहे, हिवाळ्यात ८८. जुने इंग्रज मालक वर्षातून दोनदा बदलायचे, ऑक्टोबरात ८८ आणि उन्हाळ्यासाठी तिकडचं क्लॉक पुढे गेलं की ७४ किंवा ८२. इतका उत्साह नसेल तर बारमाही ८२ ठेवा, तिकडच्या उन्हाळ्याला पुरतो.

पण बदलायच्या आधी खात्री करा की आहे तो ७४ चा बरोबर चालतोय. हे लक्षण उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटचंही असतं. थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावून ठेवा. पाच-सात मिनिटं पाईप थंड राहून मग अचानक गरम झाला तर थर्मोस्टॅट धड आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडाच आहे, किंवा नाहीच आहे. (हो, बिलात असतो आणि गाडीत नसतो, असंही होतं.) पेट्रोलचं म्हणाल तर तुम्ही चोक जास्त वेळ ओढून ठेवत असणार कारण थंड इंजिन अडखळतं, आणि ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. थंड चालणारं इंजिन गरम चालणाऱ्या इतकंच झिजतं, फक्त आवाज न करता.

आणि तुमच्याकडे अँटीफ्रीझ लागणारच तर निळं, जुन्या पद्धतीचं ग्लायकॉल घ्या, दर दोन वर्षांनी बदला. नारिंगी-गुलाबी लाँगलाइफ नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनांसाठी ठीक, आपल्या पितळी रेडिएटरच्या झाळकामाशी त्याचं फारसं जमत नाही असाच बहुतेकांचा अनुभव.

प्रश्न : नवा घेतलेला थर्मोस्टॅट बरोबर आहे की नाही ते घरच्या घरी कसं कळेल? — एक वाचक, नाशिक

हा माझा आवडता प्रश्न. पातेलं, पाणी, गॅस आणि एक थर्मामीटर. तापाचा नाही, तो बेचाळीसलाच संपतो, स्वयंपाकाचा किंवा लॅबचा. पातेलं जुनं घ्या आणि नंतर ते गॅरेजमध्येच ठेवा. नव्या थर्मोस्टॅटला ग्रीस असतं आणि गाडीतून काढलेल्याला कूलंट लागलेलं असतं, ग्लायकॉल विषारी आहे. आमच्या आईने हे पातेलं ओळखून त्यावर लाल ऑइलपेंटने फुली मारली होती, ती फुली अजून आहे.

थर्मोस्टॅट थंड असताना वॉल बोटाने किंचित उघडून त्याच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच त्याला पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. थर्मामीटरही तसाच अधांतरी. गॅस मंद ठेवून पाणी ढवळत राहा. ज्या क्षणी वॉल उघडायला लागेल त्या क्षणी दोरा सुटून थर्मोस्टॅट टुपकन खाली पडेल. तेव्हाचं तापमान लिहून ठेवा. आकड्याच्या दोन-तीन डिग्री इकडेतिकडे चालतं. मग पुढे तापवत राहा आणि पूर्ण उघडल्यावर किती उचललाय ते बघा, साधारण आठ मिलिमीटर म्हणजे बॉलपेनच्या जाडीएवढी फट दिसायला हवी. शेवटी बाहेर काढून गार होऊ द्या, घट्ट बंद होतोय ना ते बघा, उजेडाकडे धरून.

एक गंमत. ८८ चा तपासत असाल तर तो पातेल्यात पूर्ण उघडणारच नाही, कारण त्याला पूर्ण उघडायला शंभरच्या वर लागतात आणि नाशिकलाही पाणी ९८ लाच उकळून मोकळं होतं. लोक तो खराब समजून परत पाठवतात. खराब नाही, तुमचं शहर उंचावर आहे.

नवा असला तरी तपासाच. मी एकदा दुकानातून ८२ चा आणला, खोक्यावर ८२, बिलावर ८२, पातेल्यात ८२ ला काही केल्या पडेना. चष्मा लावून चकती बघितली तर कडेला बारीक अक्षरात ८८. दुकानदाराने न बोलता बदलून दिला, पण तो बसवला असता तर मी दोन उन्हाळे रेडिएटरवाल्याच्या दारात काढले असते. तेव्हापासून खोकं मी वाचतच नाही.

प्रश्न : गोव्यात घरी एक एमजी मिजेट आहे, १२७५ सीसी. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढला. आधीपेक्षा जास्त गरम व्हायला लागली! हे कसं शक्य आहे? — एक वाचक, म्हापसा

शक्य आहे, आणि तुमच्यासारखे चिक्कार आहेत.

मिजेटमध्ये ए सिरीजचं इंजिन, तेच जे मिनीत होतं. त्याच्या हेडपासून वॉटर पंपापर्यंत एक बोटभर लांबीचा रबरी पाईप असतो, तोच तो कुप्रसिद्ध बायपास होज, ज्याला बदलताना आजवर किती जणांनी किती शिव्या घातल्या असतील देव जाणे. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी अगदीच अडकून पडू नये, हेडमध्ये एकाच जागी वाफ होऊ नये म्हणून थोडं पाणी या आडवाटेने फिरत राहतं. थर्मोस्टॅट काढलात तरी आडवाट उघडीच आहे, म्हणजे काही गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात येतंय. त्यात भर म्हणजे थर्मोस्टॅट उघडा असला तरी थोडा अडथळा असतो आणि त्या अडथळ्याने हेडमधला दाब जरा टिकतो. तो गेला की हेडच्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यांत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, वाफेचे बुडबुडे धरायला लागतात, आणि वाफ उष्णता नेत नाही.

रेसिंगवाले थर्मोस्टॅट काढतात ना, मग ते कसं? ते त्याच्या जागी ब्लँकिंग स्लीव्ह म्हणजे मधे भोक असलेली एक धातूची बांगडी बसवतात, अडथळा कायम राहावा म्हणून. बांगडी नसेल तर थर्मोस्टॅट काढू नका एवढंच. पण तुम्ही काही रेसिंग करत नाही, म्हापसा ते हणजुणे जाता. ८२ चा परत बसवा. समुद्रकाठचा दमट उकाडा आणि अरुंद रस्त्यावर बसमागे रांगणं, यात ७४ घातलात तरी माझी हरकत नाही, थंडीचा प्रश्न तुमच्याकडे नाहीच. पण गरम का होत होती ते मूळ कारण शोधायचं राहिलंच आहे, वर पुण्याच्या वाचकांना जे सांगितलं तेच सगळं, आणि खाऱ्या हवेत रेडिएटरचे पंख कुजतात ते आधी बघा. बोट लावलं की पिठासारखे गळून पडत असतील तर नवा कोअर.

याच धर्तीवर आणखी एका वाचकांनी जॅग्वारबद्दल विचारलंय. जुन्या एक्सके इंजिनांत प्रकार याहून नाजूक आहे, तिथे मूळ थर्मोस्टॅटला खाली एक घेर असायचा, वॉल उघडला की तो घेर सरकून बायपासचं तोंड बंद करायचा. आत्ता बाजारात मिळणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटला तो घेर नसतो, व्यास बरोबर बसतो म्हणून लोक घालतात आणि मग बायपास कायमचा उघडा. जुना काढाल तेव्हा शेजारी ठेवून उंची आणि आकार जुळवा, नुसता आकडा जुळवू नका. जुना टाकून दिला असेल तर घेरवाला मिळवण्यासाठी जरा वणवण करा, ती वाया जाणार नाही.

प्रश्न : जुन्या साठ्यात मला पितळी भाता असलेला थर्मोस्टॅट सापडलाय, हार्मोनियमच्या भात्यासारखा. ओरिजिनल आहे तर तोच घालू का? — एक वाचक, कोल्हापूर

काचेच्या कपाटात ठेवा. गाडीत मेणवाला घाला.

भात्याच्या आत पटकन उकळणारा द्रव असतो, त्याच्या वाफेने भाता ताणला जातो. पन्नासच्या दशकापर्यंत तेच चालायचे आणि त्यांचा एक गुण मान्य करायला हवा, भाता फुटला की वॉल उघडा राहतो, म्हणजे बिघडला तरी गाडी घरी आणतो. मेणवाल्याचं उलट, ते आधी सांगितलंच. पण भाता बाहेरच्या दाबाने चेपतो, त्यामुळे जसजशा रेडिएटरच्या कॅप जास्त पौंडाच्या झाल्या तसतसा तो वेळेवर उघडेनासा झाला आणि मेण आलं. तुमची गाडी युद्धाच्या आधीची, बिनदाबाच्या रेडिएटरची असेल तर गोष्ट वेगळी, मग पातेल्यात तपासून खुशाल घाला. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रश्न : फेल-सेफ नावाचे थर्मोस्टॅट मिळतात, बिघडले तर उघडेच राहतात म्हणे. घ्यावे का? — एक वाचक, ठाणे

नाव वाचून वाटतं तसं नाही. तो मेण गळालं म्हणून आपोआप उघडत नाही, एकदा इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की वॉल नेहमीपेक्षा पुढे जाऊन खटक्यात अडकतो आणि तसाच राहतो. नंतर तो फेकायचाच. म्हणजे घाटात एकदा काटा लाल पट्ट्यात गेला की पुढे हिवाळाभर गाडी थंड, आणि तुम्ही कारण शोधत बसणार. मी घेणार नाही. घ्यायचाच असेल तर उंची मापून घ्या, काही जरा उंच असतात आणि झाकणाला आतून टेकतात.

प्रश्न : माझ्याकडे फोक्सवॅगन बीटल आहे, स्पोर्ट्स कार नाही, पण मला सगळे म्हणतात एअरकूल्डला थर्मोस्टॅट नसतोच. खरं का? — एक वाचक, अमरावती

असतो हो. इंजिनाच्या खाली, सिलिंडरच्या पायथ्याशी एक भाता असतो, वर कोल्हापूरच्या वाचकांना सापडला तसलाच, तो तापला की पंख्याच्या हवेचे पडदे उघडतो. आपल्याकडे आणि बाहेरही कित्येक गाड्यांतून तो काढून टाकलेला असतो, पडद्यांसकट. अमरावतीच्या मे महिन्यात त्याची कमतरता तुम्हाला जाणवणार नाही हे खरं, पण पहाटेच्या थंडीत गाडी फार वेळ खोकत असेल तर कारण तेच. इंजिनाखाली वाकून बघा, जागा रिकामी आणि एक अनाथ बोल्ट दिसला म्हणजे तुमचाही गेलाय. एअरकूल्ड पोर्शेवाले मात्र वेगळे, त्यांचा थर्मोस्टॅट ऑइलच्या वाटेवर असतो आणि तो काढायचा विचारही करू नये.

प्रश्न : थर्मोस्टॅट आणला, पण एमजी बीच्या हेडवरचं झाकण निघतच नाहीये. तीन नट निघाले, झाकण हलत नाही. हातोडी मारू का? — एक वाचक, सोलापूर

थांबा! हातोडी खाली ठेवा.

झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड (नट ज्यांवर बसतात ते खुंट) लोखंडी, मधे पन्नास वर्षांचं पाणी. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसलेत, पांढरी पावडर दिसतेय ना स्टडभोवती, तीच. स्क्रू ड्रायव्हर घालून पचर मारलीत तर झाकणाचा कान तुटतो, हातोडी मारलीत तर स्टड हेडमध्ये तुटतो आणि मग तुम्ही मला वेगळं पत्र लिहाल. आज संध्याकाळी तिन्ही स्टडच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, उद्या सकाळी परत, परवा परत. मग गाडी गरम करून घ्या, बंद करा, दाब उतरू द्या, आणि लाकडाचा ठोकळा धरून झाकणाला बाजूने टिचक्या मारा, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून. ठोकायचं नाही, विनवायचं. तरीही नाही आलं तर झाकणाच्या कानांना हीट गनने ऊब द्या, पेट्रोलची नळी जवळ नाही ना ते बघून. दोन नट एकमेकांवर आवळून स्टडच बाहेर काढता आला तर सगळ्यात उत्तम.

निघालं की खालचा खड्डा खरवडून साफ करा, चकतीची कड त्यात सपाट बसली पाहिजे. बीला ५४ मिलिमीटरची चकती लागते. मेणाची डबी आणि स्प्रिंग खाली, इंजिनाकडे. उलटा बसवलेला मी याच डोळ्यांनी पाहिलाय, त्या गाडीला मालकाने दोन रेडिएटर बदलले होते. चकतीत एक लुळी पिन असते, पाणी भरताना हवा तिथून निसटते. पिन नसेल तर तीन मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्या. नवं कागदी पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात, सीलंटचा लपका नको. स्टडना कॉपर ग्रीस लावा म्हणजे पुढच्या माणसाला आपली आठवण नीट राहील. नट हलक्या हाताने, फिरवत फिरवत, तिन्ही सारखे, एकच आधी आवळून बसलात तर झाकण वाकतं.

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटरचा कॉक उघडा, इंजिन चालू करून वरचा पाईप हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पातळी बघा, हमखास पाव लिटर मागेल.